भोवरा : खेळातला, पाण्यातला आणि डोक्यावरचा

घंटाळीकर
पुतणी आठवीत आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी फर्डं बोलते, पण वाचताना अडखळते. परवा पेपर घेऊन बसली होती. 'अमुक आमदार पुन्हा वादाच्या भोवऱ्यात' असा मथळा होता. (हा मथळा आपल्याकडे कायमचा जुळवून ठेवलेला असतो, फक्त नाव बदलतात.) तर म्हणे, "काका, एवढा मोठा माणूस भोवऱ्यात मावला कसा?"

तो पाण्यातला भोवरा गं, म्हटलं. "मग खेळायच्या भोवऱ्याला तेच नाव का? आणि दादाच्या डोक्यावर आहे तो?" इथे काकांची दांडी गुल.

मग शनिवारी मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन कोश उपसले. १८९३ पासून आपल्या ठाण्यात ही संस्था आहे आणि आपण जातो ते दिवाळी अंकांपुरतं, असो. तर, मूळ संस्कृत 'भ्रमर'. तो म्हणजे भुंगा, हे सगळ्यांना माहीत. पण 'भ्रमरक' हाही एक शब्द आहे आणि त्याचे अर्थ वाचून मी खुर्चीत सावरून बसलो : भुंगा, पाण्यातला भोवरा, कपाळावर आलेली कुरळी बट आणि गरगर फिरवायचं खेळणं. चारही अर्थ एकाच शब्दाखाली!

म्हणजे पाण्याचा भोवरा पाहून मराठी माणसाला खेळण्याची आठवण झाली, किंवा खेळणं पाहून डोक्यावरच्या केसांची, असं काही घडलेलं नाही. ही सगळी मोट आपल्याला बांधलेलीच मिळाली. बटेचा अर्थ तेवढा कपाळावरून सरकून टाळूवर गेला.

आता इथल्या जाणत्यांनी भर घालावी. खेळाबद्दल, शब्दांबद्दल, काहीही चालेल.

खाडीपल्याड
छान धागा. पण एक शंका. मी लहानपणापासून ऐकत आलोय की भोवरा भुंग्यासारखा गुणगुणतो, म्हणून त्याला भुंग्याचं नाव. जोरात फिरवलेला लाकडी भोवरा कानाजवळ धरलात तर खरंच गुंSSS असा आवाज येतो. त्याचं काय?

घंटाळीकर
@खाडीपल्याड, आवाज येतो हे कबूल. पण मग पाणी काय गुणगुणतं? आणि केसांची बट? आवाजाने चारातला एकच अर्थ सुटतो.
धातू बघा : 'भ्रम्', म्हणजे फिरणे, भटकणे, गरगरणे. भुंग्यालाही भ्रमर म्हणतात ते तो या फुलावरून त्या फुलावर भटकतो म्हणून. म्हणजे भुंगा हा इथे बाप नाही, थोरला भाऊ आहे. आता मुलं भोवरा फिरवताना तो आवाज ऐकून 'भुंगाच हा' म्हणत असतील आणि त्यामुळे नाव आणखी घट्ट बसलं असेल, एवढं मी मानतो.

काना_मात्रा
माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

संस्कृतात दोन स्वरांच्या मध्ये आलेला 'म' मराठीत येईपर्यंत बऱ्याचदा नाकातला 'व' होतो. ग्राम-गाव, नाम-नाव, आमलक-आवळा, श्यामल-सावळा, जामाता-जावई. तसंच भ्रमर, प्राकृतात भमर, मग भवँर, मग भोंवरा. जुन्या पुस्तकांत 'भों'वर टिंब दिसतं ना, ते त्या 'म'चं शेवटचं उरलेलं चिन्ह. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, तेव्हा तेही गेलं. नियम सोयीचे आहेत, मी रोज तेच पाळतो, पण या शब्दाच्या बाबतीत मला चुटपुट लागते. टिंबासकट शब्दाची जन्मपत्रिकाही गेली.

आणखी एक. घंटाळीकरांनी 'भ्रमरक' वर बोट ठेवलंय ते अगदी बरोबर. आपल्या भोवऱ्याच्या शेवटी जो 'आ' आहे तो त्या 'क'चाच. घोटक-घोडा, आमलक-आवळा, तसा भ्रमरक-भोवरा. आणि भुंगा आला 'भृंग'वरून. म्हणजे कीटकाला आपण वेगळा शब्द घेतला आणि भ्रमरकाचा वारसा खेळण्याकडे, पाण्याकडे आणि केसांकडे गेला.

याच घरातली बाकी मंडळी : भोवळ, भोवंडणे, भोवती, सभोवार, भोवताल. आणि 'त्याला ते भोवलं' मधलं भोवणे. मुळात फिरणे, मग फिरून अंगावर येणे.

जांभळीनाका_०७
'फिरून अंगावर येणे' जबरदस्त. म्हणजे आमदाराला वाद भोवला आणि तो भोवऱ्यात सापडला, ही एकाच धातूची दुहेरी शिक्षा. हसून हसून पुरेवाट.

मालवणी_मु_पो_कळवा
आमच्याकडे भोंवरो. टिंब अजून शाबूत आहे, काना_मात्रा यांनी काळजी करू नये :) कोकणीत भोंवप म्हणजे फिरणं, भटकणं. भोंवडी म्हणजे फेरफटका.

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांबद्दल लिहायला हवं. चितार आळीत लाकडी फळं, पाट, पोळपाट यांच्याबरोबर भोवरे रांगेने मांडलेले असतात. लहान असताना मी तिथे तासन्‌तास उभा राहायचो, खरेदी शून्य. लाकूड यंत्रावर गरगरत असतं, कारागीर पटाशी टेकवतो, तशी भुशाची लांब साल निघत जाते आणि ओबडधोबड ठोकळ्याला पोट येतं. मग रंग. त्यात ब्रश नाहीच. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरायची, घासून जी उष्णता होते तिने लाख वितळते आणि पट्टा आपोआप गोल उमटतो. वर केवड्याचं पान दाबून धरलं की चकाकी येते. म्हणजे जे फिरवायचं आहे ते फिरता फिरताच तयार होतं. लाकूड अशा रीतीने घडवण्याला 'कातणे' म्हणतात आणि ते काम करणारा तो कातारी.

चेंदणी_बंदर
कोशातलं पुरे झालं, आता खेळाचं बोला.

आमच्या कोळीवाड्यात पावसाळा संपून जमीन टणक झाली की भोवरे निघायचे. खालचा खिळा तो आर. बैल हाकायच्या पराणीला टोकाला असते तीही आरच. दोरी ती जाळी. जाळीच्या शेवटी सोड्याच्या बाटलीचं बूच ठोकून चपटं करून, भोक पाडून ओवायचं आणि ते दोन बोटांच्या बेचक्यात धरायचं, म्हणजे हिसका देताना दोरी निसटत नाही. जाळी आरेपासून वर गुंडाळत न्यायची, वेढ्याला वेढा चिकटून. एक जरी वेढा दुसऱ्यावर चढला तरी भोवरा वेडावाकडा पडतो आणि पोरं हसतात.

जमिनीवर फिरवणं कोणालाही येतं. खरी करामत हातजाळीची : भोवरा फेकायचा आणि जमिनीला लागायच्या आत हिसका देऊन हवेतच परत खेचून तळहातावर झेलायचा. तो हातावर फिरत असताना तळव्याला जी गुदगुली होते ती ज्याने अनुभवली त्यालाच कळेल.

आणि रिंगणाचा खेळ. हरलेल्याचा भोवरा रिंगणात ठेवायचा आणि बाकीच्यांनी आपल्या आरेने त्याला घाव घालायचे. नवाकोरा रंगीत भोवरा कोणी रिंगणात आणत नसे. त्यासाठी एक जुना, खड्डे पडलेला, दगडासारखा भोवरा खिशात वेगळा असायचा. चांगला फेकायला, रद्दी भोवरा मार खायला.

पाण्यातल्या भोवऱ्याबद्दल : ओहोटी जोरात लागली की पुलाच्या खांबांच्या मागच्या अंगाला पाणी गोल फिरतं. लहान असतात, पण होडी तिथून काढताना वल्ह्याला ओढ जाणवते. आमचे आजोबा त्यातून होडी कधी घालत नसत, लांबून वळसा. पोरांना तिथे पोहायला सक्त मनाई.

नेरूळची_स्वाती
काका, भारी लिहिलंत! फक्त मुलीही खेळायच्या हो भोवरा. आमच्या चाळीत हातजाळी सगळ्यात सुरेख माझ्या मोठ्या बहिणीची होती, आणि मुलगे तिला खेळायला घेत नसत ते त्याच कारणाने.

डोक्यावरच्या भोवऱ्याचं राहिलंच की. दोन भोवरे असले की दोन बायका! माझ्या धाकट्या भावाला दोन आहेत. न्हाऊ घालताना आजीने बघितले आणि बारशालाच जाहीर केलं. त्याच्या लग्नात त्याच्या सासूबाईंच्या कानावर ही गोष्ट कोणीतरी घातली, आणि पंगतीत त्या त्याच्या डोक्याकडेच बघत होत्या. संसार एकच आहे आणि उत्तम चाललाय.

पागा
केसांवरून आठवलं. आपल्याकडे घोडा पारखताना त्याच्या अंगावरचे भोवरे बघत. कुठला शुभ, कुठला अशुभ, याचं मोठं शास्त्रच होतं. गळ्यावरचा भोवरा तो देवमण, तो असलेला घोडा भाग्याचा. आणि केसांची लांबट, अशुभ मानलेली ओळ ती गोम, त्या नावाच्या किड्यासारखी दिसते म्हणून. घोडा दिसायला देखणा, चालीला उत्तम, किंमत कमी, असं असलं की गिऱ्हाईक विचारणार : यात गोम काय? आज फ्लॅट घेताना आपण तेच विचारतो.

खाडीपल्याड
'यात काहीतरी गोम आहे' चा उगम घोड्याच्या अंगावर! दंडवत स्वीकारा. हा धागा खूणगाठ मारून ठेवतोय.

चेकनाक्यावरचा_भाई
मी गुजराती, पण शिक्षण मराठीतून. आमच्यात भमरडो. म्हणजे काना_मात्रा म्हणतात तो 'म' आमच्याकडे अजून जसाच्या तसा बसलाय. तुम्ही त्याचा व केलात, आम्ही ठेवला.
बाकी हिंदीवाले लट्टू म्हणतात, बंगाल्यांचा लाटिम, तमिळमध्ये पंबरम, तेलुगूत बोंगरम, कानडीत बुगुरी. ऑफिसात विचारून गोळा केलंय, अर्धा तास कोणी काम केलं नाही.
आणि हिंदी पट्ट्यात लग्नातल्या फेऱ्यांना भाँवर म्हणतात. तेही याच घराण्यातलं.

चेंदणी_बंदर
लग्नाचे फेरे आणि भोवरा एकच. काही बोलत नाही.

काना_मात्रा
@भाई, उत्तम भर. एक सावधगिरी : गुजरातीत भोंयरुं म्हणजे तळघर, ते मात्र यातलं नव्हे. ते भूमिगृहावरून, आपल्या भुयाराचा भाऊ. ऐकायला सारखं वाटतं म्हणून कोणीतरी लवकरच इथे जोडून देईल, त्याआधी सांगून ठेवलं.

अक्ष_तेवीस
शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे राहवत नाही.

भोवऱ्याचा वेग कमी झाला की तो एकदम पडत नाही. आधी कलतो आणि कललेल्या अवस्थेत त्याचा माथा सावकाश गोल फिरू लागतो. गुरुत्वाकर्षण त्याला आडवा पाडू बघतं, पण तो फिरत असल्यामुळे ती ओढ त्याला खाली न नेता बाजूला वळवते. ही परांचन गती. भोवरा ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने माथाही फिरतो. घरी करून बघा.

पृथ्वीचंही हेच होतं, फक्त एका फेरीला साधारण २६,००० वर्षं लागतात. आणि दिशा उलटी. कारण पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे आणि सूर्य-चंद्राची ओढ त्या फुगवट्याला धरून तिचा कललेला आस सरळ उभा करू बघते. भोवऱ्याला पाडायला बघतात, पृथ्वीला उभं करायला बघतात, म्हणून दिशा फिरली.

याचा आपल्याशी संबंध काय? आपली संक्रांत. सूर्याचं उत्तरेकडे सरकणं सुरू होतं २१-२२ डिसेंबरला, आणि आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला. कारण आपली संक्रांत ताऱ्यांच्या चौकटीत मोजलेली, आणि या डुलण्यामुळे ती चौकट दर ७२ वर्षांना सुमारे एक अंश सरकते. पंचांगवाले याला संपातचलन म्हणतात.

जांभळीनाका_०७
संक्रांत म्हटलं की पतंग, पतंग म्हटलं की फिरकी. पुण्याचा आतेभाऊ तिला आसारी म्हणायचा आणि आम्ही त्याला हसायचो. फिरकीचाही एक संसार आहे : मांजाची फिरकी, कानातल्याच्या मागची फिरकी (हरवली की घरभर सगळे गुडघ्यांवर), गोलंदाजाची फिरकी आणि एखाद्याची घेतात ती फिरकी. त्यावरही लिहा कोणीतरी.

घंटाळीकर
फिरकी सरळ 'फिरणे' वरून आली आहे, तिथे कोडं नाही. भिरभिरं भिर्रकन आवाजावरून, तिथेही नाही. म्हणून तर मी भोवऱ्याला धरून बसलोय.

रक्तगट_ओ
वाशीत लॅबमध्ये काम करते. भोवऱ्याच्या चुलत बहिणीबद्दल सांगायचंय : दोरा ओवलेली भिंगरी. मोठं बटण किंवा चपटं केलेलं बूच घ्यायचं, दोन भोकांतून दोरा ओवून गाठ मारायची, दोन्ही हातांत टोकं धरून पीळ द्यायचा आणि मग ओढ-सैल, ओढ-सैल. बटण एकदा इकडून आणि एकदा तिकडून फिरतं आणि घूं घूं आवाज येतो. आम्ही वर्गात बाकाखाली करायचो.

तर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर कागदाचं सेंट्रिफ्यूज केलं. रक्त गरगर फिरवून त्यातल्या पेशी आणि पातळ भाग वेगळे करायला जे यंत्र लागतं ते. कागदाची चकती, दोरा, धरायला दोन लाकडी मुठी. वजन २ ग्रॅम, खर्च २० सेंट. वेग? मिनिटाला १,२५,००० फेरे. आमच्या टेबलावरचं यंत्र, जे वीज खातं आणि चालू केलं की टेबलासकट थरथरतं, ते यातले थोडेच हजार फेरे देतं. जिथे वीज नाही तिथे मलेरियाची तपासणी करता यावी म्हणून त्यांनी हे केलं.

मी एकदा डबा खाताना सहकाऱ्यांना बटणाची भिंगरी करून दाखवली. आमच्या सरांनी ती काढून घेतली आणि नंतर केबिनमधून आवाज येत होता.

नेरूळची_स्वाती
शेवटचं वाक्य :D :D
आणि 'पायाला भिंगरी' राहिलीच. आमच्या आत्याला सगळे म्हणायचे. आज पनवेल, उद्या नाशिक, परवा कोणाच्या तरी बाळंतपणाला.

पागा
अवांतर : मोबाइलला भ्रमणध्वनी म्हणतात, तोही भ्रम् धातूचाच. आमच्या सोसायटीच्या सूचना फलकावर मात्र 'सचिवांचा भ्रमरध्वनी' असं लिहिलंय. सचिव सतत गुणगुणत असतात, त्यामुळे आम्ही कोणी दुरुस्त केलेलं नाही.

काना_मात्रा
अजिबात दुरुस्त करू नका. या धाग्याच्या हिशेबाने ते व्याकरणशुद्ध आहे.

खाडीपल्याड
माझा मुलगा हे सगळं वाचून म्हणतो, बेब्लेड म्हणजे भोवराच ना? सांगितलं, हो, आणि जपानमध्ये त्याच्या आधी बेगोमा होता, समुद्रातल्या 'बाई' नावाच्या शंखात वाळू भरून केलेला. हडप्पाच्या उत्खननातही भोवरे सापडलेत. त्यावर त्याचा प्रश्न : "हडप्पात त्याला काय म्हणायचे?" ती लिपी वाचली गेली की कळवतो म्हटलं.

आता कामाचं. त्याला लाकडी भोवरा आणून दिलाय, पण दोरी सटकते. बाजारातून मिळाली ती नायलॉनची आहे. चेंदणीकाका, उपाय?

चेंदणी_बंदर
नायलॉन फेकून दे. गुळगुळीत असतं, लाकडाला धरत नाही. सुती दोरी घे, जाड नको, आणि गुंडाळायच्या आधी टोक किंचित ओलं कर, म्हणजे पहिले वेढे आरेपाशी घट्ट बसतात. भोवऱ्याला वार्निश मारलेलं असेल तर पोटाला थोडा काचकागद घास. आणि पोराला पहिल्या दिवशी फरशीवर फिरवू देऊ नकोस. टवका फरशीचा उडेल आणि बोलणी तू खाशील.

खाडीपल्याड
उशीर झाला काका. टवका हॉलमध्येच आहे, सोफ्याखाली सरकवलाय. म्हणजे सोफा सरकवलाय.

घंटाळीकर
तूर्तास वादाच्या भोवऱ्यात कोण आहे ते कळलं.